पाणवठ्यावर इंजन बंद

इंद्रजीतचं नाव या दुकानात पुन्हा घ्यायचं नाही, असं मुख्तारनं ज्या दिवशी जाहीर केलं, त्या दिवशी इंद्रजीतच्याच कंपनीच्या एकोणीस बॅगा दुरुस्तीसाठी त्याच्या पायाशी पडल्या होत्या. कुणाची चेन गेलेली, कुणाचा पट्टा तुटलेला. कंपनीचा नियमच तसा होता. वाटसरू कंपनीची बॅग घ्या, जन्मभर फुकट दुरुस्त करून देऊ. जाहिरातीत 'आम्ही' म्हणायचे. शिवायचा मुख्तार.

उस्मानपुऱ्यातलं त्याचं दुकान म्हणजे एक शटर, जाड सुईची दोन मशिनं आणि छताला उलट्या टांगलेल्या मोटारसायकलच्या सीटा. एका मशिनवर तो, दुसऱ्यावर त्याची बायको वहिदा. चाळीस वर्षं दोघं सीट कव्हर शिवतायत, जीपचे हूड शिवतायत. कातडं असो, रेक्झिन असो, ताडपत्री असो, वहिदाच्या टाक्यातून पाणी आत गेलं अशी तक्रार घेऊन अजून माणूस आलेला नाही.

बातमी आणली शिवराजनं. शिवराज करमाडचा, गडी तिशीतला. शेंद्र्याकडं वडिलांची जमीन कारखान्यात गेली आणि तिच्यातून घरात एक परदेशी मोटारसायकल आली, जिची सीट साध्या माणसाच्या छातीला लागते. 'संभाजीनगर ऑफरोड रायडर्स' नावाच्या क्लबचा तो अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. आवाज तेवढा मोठा होता, गाडीचाही आणि त्याचाही.

"चाचा, बघा तुमच्या इंद्रजीतसाहेबांनी काय दिवे लावले," म्हणत त्यानं मोबाईल पुढं धरला.

मोबाईलवर मोरदरीचा फोटो होता. खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरातली मोरदरी, संध्याकाळच्या उन्हात अगदी नवरीसारखी नटलेली. खाली लिहिलं होतं, 'डोंगर पायांसाठी आहे. मोरदरीची वाट मोटारगाड्यांना कायमची बंद करावी, या मागणीवर वाटसरूनं सही केली आहे. तुम्हीही करा.'

मुख्तारनं ते दोनदा वाचलं. मग मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडं बघितलं. दोन्ही झिजलेले. डॉक्टर म्हणाला होता, बदलावे लागतील. मुख्तार म्हणाला होता, जीपचे पार्ट मिळतात तसे मिळाले तर बदलीन.

मोरदरीच्या माथ्यावर सांडूची वस्ती. सहा घरं, थोडी ज्वारी, शेळ्या. तीस वर्षांहून जास्त झाली, दर जानेवारीत मुख्तार जीप घेऊन सांडूकडं हुरड्याला जायचा. गेली दोन वर्षं चुकली. एकदा गुडघ्यानं दगा दिला, एकदा गिअरबॉक्सनं. या वर्षी काही झालं तरी जायचंच, असं त्यानं दिवाळीपासून घोकलं होतं. आणि आता डोंगर पायांसाठी! ज्याला पाय आहेत तो मालक, आणि ज्याचे पाय गेले त्यानं मोबाईलवर फोटो बघत बसायचं.

"सरकारची नोटीस निघालीय," शिवराज सांगू लागला. "महिनाभरात हरकती कळवा म्हणतात. आणि ह्या कंपन्या बघा कशा पुढं पळतायत सही करायला. आम्ही यादीच केलीय. काळी यादी, पांढरी यादी. वाटसरू काळ्या यादीत पहिला. एक बूटवाली कंपनी आहे, एक बॅटरीवाली आहे. यांचं काही घ्यायचं नाही. हेल्मेटवाली एक कंपनी आपल्या बाजूनं बोललीय, ती पांढऱ्या यादीत."

"चहापत्तीवाला कोणत्या यादीत हाय रे, बाबा?" मशिनवरून मान वर न करता वहिदानं विचारलं. "आधी सांग, म्हंजी चहा टाकू का नक्को ते कळंल."

"चाची, थट्टा नका करू. रविवारी सगळे मोरदरीवर जमणार. प्रत्येकानं वाटसरूची बॅग आणायची आणि सगळ्यांसमोर तिचं लेबल उसवून फेकायचं. व्हिडिओ निघणार. आणि पहिलं लेबल चाचांच्या हातानं. या गावात जीप डोंगरावर नेणारा पहिला माणूस कोण? चाचा. आणि कंपनीची पहिली बॅग पण तुमच्याचकडं आहे म्हणतात."

ती बॅग मुख्तारच्या पाठीमागच्या खिळ्यालाच लटकत होती. विटलेलं हिरवं कॅनव्हास.

"येतो," मुख्तार म्हणाला. "त्याचं नाव पुन्हा या दुकानात कुणी घ्यायचं नाही."

वहिदाचं मशिन थांबलं. "लेबल त्यांचं असंल. शिलाई माझी हाय," ती म्हणाली आणि परत पायंडल मारू लागली.

*

जीप एक्क्याण्णव सालची. म्हणजे मुख्तारच्या घरातली एक्क्याण्णवची, मूळची कधीची ते अल्लालाच माहीत. छावणीतल्या लिलावातून आणली तेव्हा तिला टप नव्हतं आणि तळाला अशी भोकं होती की बसल्या बसल्या रस्ता मोजत जावं. मुख्तारनं हूड शिवलं, सीटा शिवल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की गाडी तर झाली, आता जायचं कुठं?

तेव्हा इंद्रजीत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. सायकलची सीट शिवायला दुकानात आला आणि चहाला जो बसला तो चार वर्षं उठलाच नाही. अंगात एकच शर्ट, पाठीवर खताची गोणी, तिला सुतळीचे पट्टे. तिच्यातच पुस्तकं, तिच्यातच कांदे. रविवार उजाडला की हा दारात हजर. "मुख्तारभाई, काढा गाडी." मग मिल कॉर्नर, छावणी, दौलताबादचा दरवाजा, दरवाज्यापाशी पेरू, पुढं घाटात जीपला खोकला, खुलताबादेत तिला पाणी आणि या दोघांना चहा. पेट्रोल अर्धं याचं, अर्धं त्याचं, आणि संपलं की दोघांचं ढकलणं. काय ते दिवस होते! कुणी फोटो काढत नव्हतं, कुणी अंतर मोजत नव्हतं. डोंगरावर गेलो हे दुसऱ्याला सांगायचं असतं, हेच मुळी कुणाला माहीत नव्हतं.

मोरदरीची वाट त्यांना अशीच सापडली. चुकून. अर्ध्या चढावर एक सपाटी लागते, तिच्या कडेला दगडी पाणवठा. जीप तिथं पोचली आणि काठी आडवी धरून एक माणूस समोर उभा राहिला.

"इंजन बंद कर!"

"का रे बाबा?"

"माझ्या शेळ्या गाभण हायेत. ह्या भोंग्यानं गाभ टाकतीन. बंद कर आधी."

मुख्तारनं बंद केलं. "आता वर कसं जायचं?"

"ढकला की. हात कशाला दिले देवानं, ताबूत नाचवायला?"

तो सांडू. म्हणाला आणि काठी टाकून स्वतःच मागं लागला ढकलायला. पाणवठ्यापासून पलीकडच्या करंजाच्या झाडापर्यंत दोनशे पावलं. झाडापाशी थांबून तिघं धापा टाकत बसले, तेव्हा कानांतला इंजनचा आवाज हळूहळू उतरला आणि पलीकडच्या काठावर मोर आले. एक, मग तीन, मग मोजणंच सोडून दिलं. इंद्रजीत तर तोंडावर हात ठेवून बसला होता, श्वास ऐकू जाईल म्हणून.

तेव्हापासून ती रीतच पडली. पाणवठा आला की इंजन बंद, करंजापर्यंत हात; उतरताना करंजापासून पाणवठ्यापर्यंत. नवी जीप आली, नवा माणूस आला, तरी त्याला हेच. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी दंड करत नव्हतं. तीस वर्षांत ती रीत एकदाच मोडली आणि मोडली तीही सांडूनंच. त्याची बायको सारजाबाई बाळंतपणाला अडली होती. मुख्तारनं माथ्यावरून जीप खाली काढली आणि करंज आला तसा सवयीनं किल्लीला हात लावला, तर मागून सांडू ओरडला, "मरू दे त्या शेळ्या! पळव!" खुलताबादच्या दवाखान्याचं फाटक दिसत होतं आणि पोरगा जीपमध्येच झाला. राजकुमार. अजून मुख्तार त्याला 'माझ्या सीटवर डाग पाडणारा' म्हणतो.

आणि बॅग. एकदा चढावर इंद्रजीतची गोणी फाटली आणि कांदे थेट खुलताबादच्या दिशेनं घरंगळत गेले. वहिदाला हे कळलं. "भिकारी के जैसा गोणी लेके फिरता रे तू, इंजिनेर होनेवाला!" म्हणत तिनं हूडच्या उरलेल्या कॅनव्हासमधून दोन बॅगा शिवल्या, एक त्याला, एक मुख्तारला. वर लाल मेणाच्या दोऱ्यानं नाव घातलं, वाटसरू. हातानं घातलेलं, त्यामुळं 'ट' जरा कलंडला. आज वाळूजच्या कारखान्यातून लाखभर बॅगा निघतात आणि प्रत्येकीवर ते नाव छापलेलं असतं. तसंच, कलंडलेल्या 'ट' सकट.

*

शनिवारी दुपारी मुख्तारला राहवलं नाही. नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं, फोन लावायचा नाही असं काही ठरलं नव्हतं.

"मुख्तारभाई! किती दिवसांनी!"

"डोंगर पायांसाठी, व्हय रे?"

 इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला, "ते तुमच्यासाठी नव्हतं."

"मग खाली बारीक अक्षरात लिहायचं राहिलं का, मुख्तार सोडून म्हणून? तुझ्या कंपनीच्या पहिल्या जाहिरात-पुस्तिकेतले फोटो काढायला कुणाची जीप वर गेली? तंबू डोक्यावर घेऊन गेला होतास का तू?"

"भाई, तुम्ही दोन वर्षं वर गेला नाहीत. एकदा जाऊन बघा. मग शिव्या द्या."

"शिव्या आत्ताच देतो, बघणं नंतर. सांडूला विचारलंस का सही करायच्या आधी?"

"सांडूसाठीच तर करतोय सगळं."

"विचारलंस का?"

"...नाही."

मुख्तारनं फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्याला शिव्या द्यायच्याच नव्हत्या. त्याला एवढंच ऐकायचं होतं, की भाई, सही करताना तुमची आठवण आली होती. माणूस मोठा झाला की त्याचा फोन लागतो, पण तो स्वतः लागत नाही.

"झालं समाधान?" वहिदानं विचारलं.

"तू उद्या येणार आहेस का नाही तेवढं सांग."

"हुरडा खायाला येईन. तुमच्या जुलूसला नाय." आणि ती सारजाबाईसाठी नानखटाई बांधू लागली. गूळ बांधला, लसणाची चटणी बांधली. खिळ्यावरची हिरवी बॅग काढून तिच्यातच सगळं भरलं.

*

डोंगराच्या पायथ्याशी तीसेक मोटारसायकली आणि पाच जीपा उभ्या होत्या. जीपा कसल्या, दुमजली बंगले. मुख्तारची जीप आली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या, फोटो काढले, दोघातिघांनी पायाला हात लावला. मुख्तारची छाती फुगली, खोटं कशाला बोला. मंजुषा नावाची बँकेत नोकरी करणारी एक मुलगी होती, लाल हेल्मेटवाली. ती बॉनेटवरनं हात फिरवत म्हणाली, "चाचा, हिच्याहून सुंदर गाडी नाही या डोंगरात." वहिदा म्हणाली, "तूच घेऊन जा, माई. मला सवत आहे ती."

सगळ्यांत पुढं मुख्तार. मान त्याचा. मागं सगळं खटलं घरघरत.

पहिल्या वळणावरच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याच्या आठवणीतली वाट म्हणजे चाकांच्या दोन रेषा आणि मधे गवताची पट्टी. आता मधलं गवत नव्हतं. रेषाही नव्हत्या. दोन्हीकडची झुडपं आडवी पडून नुसता तांबडा मुरूम उघडा पडला होता, खरवडलेल्या गुडघ्यासारखा. जिथं एक वाट होती तिथं चार झाल्या होत्या. कुणाला सोपी, कुणाला अवघड, कुणाला नुसती उडी मारायला.

"रस्ता चुकले काय जी?" वहिदा म्हणाली.

"नाही," मुख्तार म्हणाला. "हाच आहे."

सपाटी आली. पाणवठा आला. आणि मुख्तारच्या हातानं त्याला न विचारता किल्ली फिरवली.

इंजन बंद.

मागं करकचून ब्रेक लागले. हॉर्न वाजले. शिवराज बाजूनं गाडी घेऊन पुढं आला. "चाचा, बंद पडली? विंच लावू? दोरीनं ओढून घेतो."

"बंद पडली नाही. बंद केली."

"का?"

"पाणवठा आहे. इथून करंजापर्यंत ढकलायची. सगळ्यांनी. बंद करा गाड्या."

शिवराजला वाटलं चाचा मजा करतायत. तो हसला. मागच्यांना वाटलं पुढं काहीतरी मजा चाललीय, म्हणून तेही हसले. कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याची बॅटरी उतरली रे!" तीस मोटारसायकलींचा आवाज एवढा, की मुख्तार काय सांगतोय ते शेजारी बसलेल्या वहिदालाही ऐकू जाईना. शेळ्या, मोर, गाभण, असे तुटक शब्द त्याच्या तोंडातून निघत होते आणि धुरात विरत होते.

"ठीक आहे चाचा, तुम्ही आरामात या, वर भेटू!" शिवराजनं हात हलवला आणि गाडी पाणवठ्याच्या काठावरून घातली. त्याच्यामागं दुसरी. मग सगळ्याच. जीपनं वाट अडवली होती, म्हणून त्यांनी बाजूनं वाट केली. काठाचे दोन दगड निखळून पाण्यात गेले. पाणी चहासारखं झालं. लाल हेल्मेटवाली तेवढी क्षणभर थांबली, मागं वळून बघितलं, आणि तीही गेली.

मग शांत झालं. मुख्तार खाली उतरला, मागं गेला आणि जीपला खांदा लावला. जीप हलली नाही. वहिदा उतरली, तिनं पदर खोचला, तिनंही हात लावला. दोघांची मिळून वयं सव्वाशेच्या घरात. जीप बोटभर पुढं गेली आणि परत जागेवर आली.

"चालू करा की जी आता," वहिदा म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतोय."

चढावरून काठी टेकत कुणीतरी उतरत होतं. सांडू. केस पार पांढरे, पण चाल तीच, जमिनीवर उपकार केल्यासारखी. आला, जीपकडं बघितलं, मुख्तारकडं बघितलं, आणि असा हसला की त्याचे उरलेले दात मोजता आले.

"बंद केली व्हय तू?" तो म्हणाला. "दोन वर्सांत पयला माणूस. वरनं आवाज ऐकला, मधीच थांबला. सारजीला म्हणलं, मुख्तार आला."

 मुख्तारनं हात पुढं केला. सांडूनं तो धरला नाही, स्वतःचा हात जीपवर ठेवला.

"चालू कर आता," सांडू म्हणाला. "हितं शेळ्या येत नाय आता. पाणीच पीत नाय त्या हितलं, घासलेटचा वास मारतो. खालनं टिपाडात भरून पाणी वर न्यावं लागतंय."

"आणि मोर?"

"मोर मला इचारून गेले का कुठं गेले ते?"

*

सांडूच्या शब्दावर जीप चालू करून ते वर पोचले, तेव्हा वस्तीवर हुरडा भाजायची आगटी पेटलेली होती. सारजाबाईनं वहिदाला मिठी मारली आणि दोघी जणी नवऱ्यांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या, दोन वर्षांची थकबाकी होती. राजकुमार कणसं भाजून हातावर चोळून द्यायचा. हिरवा, गरम दाणा, गूळ, चटणी. चव तीच होती. बाकी काही तेच नसताना चव तीच असणं, याचा मुख्तारला रागच आला.

"तुझ्यासाठी सही केली म्हणतो तो इंद्र्या," मुख्तार म्हणाला.

"माझ्यासाठी?" सांडूनं ओंजळीतला कचरा फुंकला. "मागच्या महिन्यात आला होता. चालत आला, चांगलं केलं. फोटो काढले. म्हणला, सांडूभाऊ, वाट बंद होणार, तुमचा तरास संपणार. म्हणलं, आरं, आन् माझी सून अडली तर? तू पाठुंगळी घेऊन जाशीन का तिला? तर म्हणतो, त्याचा इचार करू." सांडू थुंकला. "करू! आदी सही, मागून इचार. आन् हे तुझे फटफटीवाले. त्यांनी तर तेवढं बी नाय. ह्यांना डोंगर पायजे फिरायला, त्याला डोंगर पायजे दाखवायला. डोंगरावर राहतो कोण, ते कुणाच्याच यादीत नाय."

 दोन दिवस मुख्तार पाय असणारे आणि पाय नसणारे असा हिशेब मांडत होता. त्यात सांडू बसतच नव्हता.

माळावरनं शिवराजची हाक आली. सगळे गोल करून उभे होते, मधे बॅगांचा ढीग. कुणीतरी मोबाईल काठीला लावून धरला होता. शिवराजनं मुख्तारच्या हातात छोटी कात्री दिली. "चाचा, पहिलं लेबल. आणि दोन शब्द बोला. जोरात बोला, अख्ख्या महाराष्ट्रात जाणार आहे."

मुख्तारनं हिरवी बॅग मांडीवर घेतली. आत अजून नानखटाईचा चुरा होता. कात्रीचं टोक त्यानं लाल दोऱ्याखाली घातलं. 'ट' तसाच कलंडलेला. चौतीस वर्षं उन्हापावसात गेली, एक टाका ढिला नाही. त्यानं मान वर करून वहिदाकडं बघितलं. ती आगटीपाशी उभी होती, कमरेवर हात. काहीच बोलत नव्हती. वहिदा बोलत नसते तेव्हा मुख्तारला जास्त ऐकू येतं.

त्यानं कात्री काढून घेतली.

"दोनच शब्द बोलतो," तो म्हणाला. "इंद्रजीत हरामखोर आहे. त्यानं आम्हाला न विचारता आमचा डोंगर बंद करायला सही दिली. माझ्या दुकानात त्याच्या एकोणीस बॅगा पडल्यात. तो स्वतः इथं येऊन सांडूच्या ओट्यावर बसून, राजकुमारच्या बायकोनं दवाखान्यात कसं जायचं हे सांगत नाही, तोवर त्यातली एकही शिवणार नाही. हा माझा बहिष्कार."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. शिवराजनं अंगठा दाखवला.

"थांबा. झालं नाही अजून. आणि तुम्ही? तुम्ही त्याच्याहून हरामखोर."

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

"पाणवठ्यावर मी इंजन बंद केलं तर माझी बॅटरी उतरली म्हणालात. तीस वर्षं इथं सगळे दोनशे पावलं ढकलत आले, कुणाचे हात झडले नाहीत. त्या पाण्याला आज शेळी तोंड लावत नाही. तुमच्या लाखालाखाच्या गाड्या, आणि दोनशे पावलं ढकलायची लाज? जोवर तुम्ही तिथं इंजन बंद करत नाही, तोवर तुमच्यातल्या कुणाची सीट माझ्या दुकानात शिवली जाणार नाही. आणि ही नोटीस आलीय ना, वाट बंद करायची, ती तुम्ही आणलीय, इंद्रजीतनं नाही. त्यानं नुसती सही केली."

"चाचा," शिवराजचा चेहरा लाल झाला होता, "वाट बंद झाली तर तुमचं पण येणं बंद होईल. तुमचे गुडघे..."

"माहीत आहे मला. गुडघे माझे आहेत."

तो उठला. उठताना दोन्ही गुडघ्यांतनं कळ निघाली, त्यानं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. राजकुमारपाशी गेला आणि खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"ही इथंच राहील आता. वस्तीची. कुणी अडलं, कुणी पडलं, तर पळवायची, पाणवठ्यावर थांबायचं नाही. बाकी कशाला काढलीस तर तंगडी तोडीन."

राजकुमार बघतच राहिला. "काका, तुमची जीप... आन् तुम्ही?"

"वस्तीची गाडी कोणती नोटीस अडवती ते बघू. हुरड्याला मला घ्यायला ये. पेशंट म्हणून नेशील."

"हौ," वहिदा म्हणाली. "गुडघ्याचे हाईतच, डोक्याचे बी हाईत." पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सवतीचं घर सोडून जाणं तिलाही जड गेलं होतं.

 सांडू गेला आणि कणसांची एक पेंढी आणून मागच्या सीटवर ठेवली.

*

उन्हं कलायच्या आत निघाले. राजकुमार त्यांना उस्मानपुऱ्यात सोडून जीप परत आणणार होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मुख्तार डाव्या बाजूला बसला. पायांना काय करावं ते कळेना. उतारावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहिला. सांडू मागं बसला होता. मला पाणवठ्यापर्यंत यायचंय, म्हणाला.

पाणवठा आला.

"बंद कर," करंजापाशीच मुख्तार म्हणाला.

"काका, आता शेळ्या..."

"बंद कर."

राजकुमारनं बंद केलं. या वाटेनं पहिल्यांदा जीपमधून गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. इथली रीत त्यानं लहानपणापासून बघितली होती, पण किल्ली आज पहिल्यांदा त्याच्या हातात होती. सगळे उतरले. मुख्तारही उतरला. वहिदा म्हणाली, तुम्ही बसा. त्यानं ऐकलं नाही. उताराची बाजू असली तरी सपाटी ती सपाटीच, जीप काही आपणहून जाणार नव्हती.

चौघांनी हात लावला. मग मागून पावलं वाजली. लाल हेल्मेट काखेत घेऊन मंजुषा येत होती, मोटारसायकल बंद, हातानं रेटत. तिनं ती करंजाखाली लावली. करंजाच्या खोडाला विंचच्या दोरीचे वळ पडले होते, साल निघालेली. तिनं जीपला खांदा लावला. थोड्या वेळानं वरच्या वळणावर शिवराज दिसला. गाडीवर बसलेला, इंजन चालू. तिथंच थांबला. खाली बघत राहिला.

जीप हलली.

एक पाऊल, दोन पावलं. मुख्तारचे गुडघे ओरडत होते आणि त्याला चौतीस वर्षांपूर्वीचं सगळं ऐकू येत होतं. इंद्रजीतचं धापा टाकणं, सांडूचं शिव्या घालणं, गोणीतल्या कांद्यांचं खळखळणं. सव्वाशे पावलं झाली असतील, तेव्हा वरचं इंजन बंद पडलं. बंद पडलं का बंद केलं, ते बघायला मुख्तारनं मान वळवली नाही.

पाण्यापलीकडच्या काठावर कुणी आलं नाही. गढूळ पाणी तेवढं हळूहळू खाली बसत होतं.

"ढकला रे," सांडू म्हणाला. "पाणवठा लांब हाय अजून."